तेच गाणं, त्याच पट्टीत

ऑटिस्टिक मुलांचे पालक एकत्र बसले आणि संगीताचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला असा : ‘आमचा मुलगा एकच गाणं दिवसभर ऐकतो. संपलं की पुन्हा तेच. हे थांबवायचं का?’ दुसरा असा : ‘मिक्सर लावला की हा कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत पळतो आणि गाणं मात्र याला मोठ्या आवाजात लागतं. हे कसं काय?’ मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांचा प्रश्न निराळा असतो. गाणं मनापासून आवडत असूनही, ऐकताना लोकांना जसं भरून येतं तसं आपल्याला का होत नाही, असं त्यांतले काही जण विचारतात.

या तिन्ही प्रश्नांत गाण्याचं नाव महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं आहे ते ऐकणं. स्वर किती बारकाईने कानात शिरतो, किती दिवस लक्षात राहतो, पुढचा स्वर कोणता याची किती खात्री हवी असते, आवाजाचा त्रास कुठे सुरू होतो आणि ऐकून जे वाटलं त्याला शब्द सापडतात का, यांवर आवड घडते. या सगळ्या बाबतींत ऑटिस्टिक माणसाचं ऐकणं पुष्कळदा वेगळं असतं. ते कसं, हे एकेक करून पाहू.

१. आधी कान, मग आवड

ऑटिझम हा आजार नव्हे. मेंदूची जडणघडण लहानपणापासूनच वेगळ्या रीतीने झालेली असते. लोकांशी होणारा संवाद, ठरलेल्या गोष्टींची ओढ, एखाद्या विषयात खोल बुडून जाणं अशा अनेक ठिकाणी तो वेगळेपणा दिसतो. आवाज, प्रकाश, स्पर्श यांची जाणीव फार तीव्र किंवा फार मंद असणं हेही त्यातलंच. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने, म्हणजे २०१३ साली, या संवेदनांच्या फरकाला निदानाच्या निकषांत स्थान दिलं. घरोघरच्या आयांना मात्र ही गोष्ट कितीतरी आधीपासून ठाऊक होती.

संगीताचा धागा तर ऑटिझमच्या अगदी पहिल्या नोंदींपासून आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करणारा लेख छापला. ऑटिझमचा इतिहास बहुतेक वेळा तिथूनच सांगितला जातो. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड वर्षाचा असतानाच अनेक चाली अचूक गुणगुणायचा. चार्ल्स या नावाने नोंदलेला दुसरा एक मुलगा दीड वर्षाचा असताना १८ सिंफनी एकमेकींपासून वेगळ्या ओळखायचा आणि पहिला भाग सुरू होताच संगीतकाराचं नाव सांगायचा. सिंफनी म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली, अर्ध्या-पाऊण तासाची रचना. ज्या वयात मुलं जेमतेम दोन शब्द जोडतात, त्या वयातली ही गोष्ट.

यावरून सगळी ऑटिस्टिक मुलं संगीतात असामान्य असतात असं समजू नये. बहुतेक नसतात, आणि त्यांनी तसं असावं ही अपेक्षा त्यांच्यावर अन्यायच करते. ऑटिस्टिक लोकांचा म्हणून एखादा गाण्याचा प्रकारही नाही. इंग्लंडमधला गॅरी न्यूमन १९७९ साली सिंथेसायझरच्या थंड, यांत्रिक नादावर गाजला. स्कॉटलंडच्या सुझन बॉइल २००९ साली एका संगीतिकेतलं भावगंभीर गाणं गाऊन एका रात्रीत जगाला माहीत झाल्या. दोघांनीही आपण ऑटिझमच्या वर्णपटावर असल्याचं जाहीरपणे सांगितलं आहे. दोघांच्या संगीतात साम्य शोधू गेलं तर फारसं काही हाती लागत नाही.

२. पट्टी बदलली की गाणं बदललं

आपल्यापैकी बहुतेकांना चाल लक्षात राहते, पट्टी राहत नाही. तेच भजन पेटीवर पांढरी एकमध्ये वाजवलं काय किंवा काळी चारमध्ये वाजवलं काय, आपल्याला ते तेच वाटतं. कारण आपण स्वरांमधली अंतरं ऐकतो. सा नेमका किती उंचीवर आहे, हे कान लगेच विसरून जातो.

काही थोड्या लोकांचा कान ते विसरत नाही. भांड्याचा नाद ऐकूनही हा पेटीवरचा कोणता सूर आहे, हे ते दुसऱ्या सुराचा आधार न घेता सांगतात. याला निरपेक्ष स्वरज्ञान म्हणतात. सर्वसाधारण लोकांत दहा हजारांत एखाद्याकडे ते असतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. ऑटिस्टिक लोकांत हे प्रमाण अधिक दिसतं.

लंडनमधल्या संशोधक पामेला हीटन यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९९८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संगीत न शिकलेल्या मुलांना काही सुटे स्वर ऐकवले आणि प्रत्येक स्वराची एकेका प्राण्याच्या चित्राशी जोडी लावून दिली. हा स्वर या प्राण्याचा, तो त्या प्राण्याचा. नंतर नुसता स्वर ऐकवून प्राणी ओळखायला सांगितलं. ऑटिस्टिक मुलांची कामगिरी बरोबरीच्या इतर मुलांपेक्षा सरस ठरली. स्वरांच्या जागी बोलण्यातले ध्वनी ठेवले तेव्हा मात्र हा फरक दिसला नाही. माँट्रियलचे लोराँ मोत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही पुढे असं दाखवलं की, दोन स्वरांमधला अगदी बारीक फरक ओळखण्यात ऑटिस्टिक व्यक्तींचा एक गट इतरांच्या पुढे असतो.

आता हे घरात कसं दिसतं ते बघा. मुलाने एक गाणं ध्वनिमुद्रणात शेकडो वेळा ऐकलेलं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात तेच गाणं मुलांच्या आवाजाला झेपावं म्हणून दोन सूर खाली आणि जरा संथ गायलं जातं. सभागृहातल्या सगळ्यांना ते ‘तेच गाणं’ वाटतं. या मुलाच्या कानात मात्र प्रत्येक स्वर चुकलेला असतो. तो ओरडतो, कान झाकतो, बाहेर जायला बघतो. ‘तुझं आवडतं गाणं आहे ना?’ असं विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्याच्यापुरतं ते त्याचं गाणं नव्हेच. रीमिक्स, दुसऱ्या गायकाने गायलेली आवृत्ती, एफएमवर मध्येच कापलेलं कडवं यांनाही होणारा विरोध इथूनच येऊ शकतो. त्याला हट्ट म्हणणं मला पटत नाही. ज्याला फरक ऐकू येतो त्याच्याकडून तो ऐकू न आल्याचा आव आपण मागत असतो.

अशा बारीक कानाला ज्या संगीतात पोत दाट असतो ते आवडू शकतं, म्हणजे अनेक वाद्यांचे थर, एखाद्या वाद्याचा खास खरखरीत नाद, मागे चाललेली बासरी. पुष्कळांना गाण्याचे शब्द गौण असतात आणि सतारीच्या एका तुकड्यासाठी अख्खं गाणं लावलं जातं. ऑटिस्टिक मुलांना आयुष्यभर संगीत शिकवलेले इंग्लंडमधले अ‍ॅडम ऑकलफर्ड तर सांगतात की, यांतल्या कित्येक मुलांना कपडे धुण्याच्या यंत्राची घरघर आणि मायक्रोवेव्हचा बीप हेही ऐकत राहावंसं संगीत वाटतं. त्यांचा शिष्य डेरेक पॅराविसिनी, जन्म १९७९, जन्मल्यानंतर लगेच दृष्टी गेलेला आणि ऑटिस्टिक, ऐकलेलं गाणं मागाल त्या पट्टीत पियानोवर वाजवतो. नेमका सूर ठाऊक असूनही त्याला पट्टी बदलण्यात मौज वाटते. म्हणजे कान तसाच असला तरी आवड उलट दिशेला जाऊ शकते.

३. पुढे काय येणार?

संगीत ऐकताना मेंदू सतत अंदाज बांधत असतो. आता सम येईल, आता धृपद परत येईल. अंदाज बरोबर आला की बरं वाटतं, थोडासा चुकला की गंमत वाटते, फारच चुकला की कान गोंधळतो. किती चुकलेलं चालतं, हे माणसागणिक वेगळं असतं.

ऑटिझमचा अभ्यास करणाऱ्या काही शास्त्रज्ञांना असं वाटतं की, वेगळेपणाचं एक मूळ या अंदाज बांधण्यातच आहे. एमआयटीतले पवन सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हा विचार ठामपणे मांडला. घरातल्या रोजच्या जिन्यावरून आपण दिवे गेलेले असतानाही गप्पा मारत उतरतो, कारण पायाला पायऱ्या ठाऊक असतात. परक्या घरातला अंधारा जिना उतरताना मात्र प्रत्येक पायरी चाचपावी लागते आणि दहा पायऱ्यांत माणूस थकतो. जग पुष्कळ प्रमाणात या दुसऱ्या जिन्यासारखं जाणवत असेल तर दिवसाअखेर होणारी दमणूक समजू शकते. हा सिद्धान्त अजून तपासला जातो आहे आणि तो सगळंच उलगडतो असं नाही. पण ‘तेच गाणं पुन्हा’ या सवयीवर त्याने चांगला प्रकाश पडतो.

ध्वनिमुद्रित गाणं ही जगातली फार विश्वासू गोष्ट आहे. तिसऱ्या कडव्याआधी व्हायोलिन येतं म्हणजे येतंच. काल आलं, आज आलं, पाहुण्यांनी घर भरलं असेल त्या दिवशीही येईल. शाळेतून थकून आलेलं मूल एका गाण्यात शिरतं तेव्हा बहुतेक वेळा त्याला ही खात्री हवी असते. मोठी ऑटिस्टिक माणसंही परीक्षेआधी किंवा प्रवासात एकच गाणं तासन्‌तास लावून ठेवल्याचं सांगतात. एकदा ऐकून गाण्याचं सगळं ऐकून झालं, ही आपलीच समजूत. बारकाईने ऐकणाऱ्याला विसाव्या वेळीही नवं काही सापडतं.

आपल्या शास्त्रीय संगीतात ही खात्री आणि अनिश्चितता एकाच वेळी असतात. तंबोरा अखंड तेच स्वर धरून ठेवतो. तीनतालाच्या १६ मात्रा फिरून समेवर येतात. ही चौकट पक्की असते आणि तिच्या आत गायक काय करील ते आधी सांगता येत नाही. त्यामुळे एखादी ऑटिस्टिक व्यक्ती या चौकटीत निवांत होईल, तर दुसरीला एका ठरावीक मैफलीचं ध्वनिमुद्रणच हवं असेल. तोच राग, तोच गायक, पण वेगळ्या दिवशीची मैफल तिला चालणार नाही.

४. मोठा आवाज आणि नकोसा आवाज

आता मिक्सरचा प्रश्न. रोजचे आवाज असह्य किंवा दुखरे वाटण्याला हायपरअ‍ॅक्युसिस म्हणतात. २०२१ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या अंदाजानुसार निम्म्याहून अधिक ऑटिस्टिक लोकांना आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. कान फार तीक्ष्ण आहे म्हणून हे होतं असं नाही. कानाची तपासणी पुष्कळदा अगदी सर्वसाधारण निघते. आवाज मेंदूत पोचल्यावर त्याचं काय होतं, यात फरक असतो.

मिक्सर कधी सुरू होईल ते मुलाच्या हातात नसतं, कधी थांबेल तेही नसतं. त्याच्या नादात उंच, टोकदार स्वरांचा गोंगाट असतो. गाणं मात्र त्याने स्वतः लावलेलं असतं, ते कुठे चढणार ते त्याला पाठ असतं आणि नको झालं तर बंद करण्याचं बटण त्याच्या बोटाखाली असतं. शिवाय मोठ्या आवाजातलं ओळखीचं गाणं बाहेरचा अनोळखी गलका झाकून टाकतं. कुकरची शिट्टी, शेजारचं ड्रिल, रस्त्यावरचे हॉर्न यांच्यावर ते पांघरूण घालतं. म्हणून एकच मूल मोठ्या आवाजाला घाबरतं आणि मोठा आवाज मागतंही.

काहींच्या बाबतीत उलट बाजू असते : संवेदना मंद असते आणि बासचा धक्का छातीत जाणवल्याशिवाय गाणं ‘पोचत’ नाही. ते स्पीकरला हात लावून किंवा डोलत ऐकतात. भाद्रपदात ढोल-ताशाच्या पथकापुढे आनंदाने उभं राहणारं मूल आणि त्याच आवाजाने कोलमडणारं मूल, दोघंही ऑटिस्टिक असू शकतात.

प्रत्यक्ष कार्यक्रमाचा प्रश्न याहून अवघड. तिथे आवाजाबरोबर गर्दी, दिवे, टाळ्या, शेजाऱ्याचं बोलणं, शांत बसण्याची सक्ती हे सगळं येतं. ‘याला गाण्याची आवड नाही’ असा निष्कर्ष पुष्कळदा सभागृहात काढला जातो आणि तो सभागृहाबद्दलचा असतो. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २ ऑक्टोबर २०११ रोजी ‘द लायन किंग’चा एक प्रयोग खास ऑटिस्टिक प्रेक्षकांसाठी झाला. दचकवणारे आवाज आणि झगमगते दिवे कमी केले होते, प्रेक्षागृहाबाहेर शांत जागा ठेवली होती, आणि मध्येच उठलं किंवा बोललं तर कोणी वळून पाहणार नव्हतं. असे प्रयोग नंतर अनेक ठिकाणी नियमित होऊ लागले. आपल्याकडच्या नाट्यगृहांनी आणि संगीत मंडळांनी महिन्यातून एक कार्यक्रम असा ठेवावा, असं मला फार वाटतं. त्यासाठी वेगळं सभागृह लागत नाही, फक्त ध्वनियोजना करणाऱ्याशी आणि दारावरच्या माणसांशी आधी बोलावं लागतं.

५. भावना पोचते का?

ऑटिस्टिक माणसाला संगीतातली भावना कळत नाही, हा समज इतका पसरला आहे की तो नीट तपासून पाहायला हवा.

न्यूरॉलॉजिस्ट ऑलिव्हर सॅक्स यांनी ‘म्युझिकोफिलिया’ या २००७ सालच्या पुस्तकात टेम्पल ग्रँडिन यांच्याशी झालेलं बोलणं दिलं आहे. ग्रँडिन या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक आणि स्वतः ऑटिस्टिक. संगीतकार बाखच्या काही रचनांनी त्यांना गुंगवलं होतं. सॅक्सनी विचारलं, त्यातून आनंद मिळाला का? ग्रँडिननी त्या रचनांच्या कल्पकतेचं कौतुक केलं. पुन्हा विचारल्यावरही तेच : बुद्धीला आनंद होतो, पण संगीत आपल्याला हलवून टाकत नाही. हा अनुभव खरा आहे आणि तो एका व्यक्तीचा आहे. तो सगळ्यांना लावला जातो तिथे घोटाळा होतो.

पामेला हीटन आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली मुलांना छोट्या सुरावटी ऐकवल्या. काही मेजर, काही मायनर. पाश्चात्त्य संगीतातल्या या दोन प्रकारांतला मोठा फरक आपल्या भाषेत गंधाराचा : मेजरमध्ये शुद्ध, मायनरमध्ये कोमल. तिकडचे श्रोते पहिल्याला आनंदी आणि दुसऱ्याला उदास समजतात. मुलांनी प्रत्येक सुरावटीला हसरा किंवा रडवेला चेहरा जोडायचा होता. ऑटिस्टिक मुलांनी इतर मुलांइतक्याच योग्य जोड्या लावल्या. माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणं यांच्यातल्या अनेकांना जड जातं, पण सुरातला भाव जड गेला नाही.

पुढे रोरी अ‍ॅलन यांनी हीटन यांच्या साथीने ऑटिस्टिक प्रौढांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्या २००९ साली प्रसिद्ध झाल्या. ही माणसं संगीताचा उपयोग सगळे करतात तसाच करत होती : मन ताळ्यावर आणायला, एकटेपणा घालवायला, कुणाशी तरी जोडलं जायला. फरक दिसला तो वर्णनात. ‘हुरहूर’, ‘विरह’ अशा शब्दांऐवजी शांत होणं, उत्तेजित होणं, अंगात जोर येणं असे शरीराच्या चढउताराचे शब्द जास्त आले.

मग २०१३ साली अ‍ॅलन यांच्या गटाने शब्द बाजूला ठेवून शरीरालाच विचारलं. मन उचंबळलं की त्वचेवर किंचित घाम येतो आणि त्वचेची विद्युत्‌वाहकता बदलते. ती मोजता येते. संगीत ऐकताना ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक प्रौढांच्या त्वचेने सारखाच प्रतिसाद दिला. काय वाटलं हे शब्दांत सांगायला सांगितलं तेव्हा ऑटिस्टिक गटाने कमी शब्द निवडले. या फरकामागे होती अ‍ॅलेक्सिथायमिया, म्हणजे आपल्याच भावना ओळखायला आणि त्यांना नाव द्यायला अवघड जाणं. ही गोष्ट ऑटिझमपेक्षा वेगळी आहे. ती ऑटिस्टिक नसलेल्या लोकांतही असते, मात्र ऑटिस्टिक लोकांत जवळपास निम्म्यांमध्ये आढळते.

सुरुवातीच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं. भरून येत नाही असं वाटणाऱ्याच्या आत काही घडत नाही, असं म्हणायला आधार नाही. घडतं, पण त्यावर चिकटवायला नाव पटकन हाती येत नाही. आणि आवडीच्या दृष्टीने याचा एक परिणाम संभवतो. ज्याला ‘मी आज उदास आहे’ हे कळायलाच वेळ लागतो, तो उदास गाणं निवडणार नाही. तो अंग सैल करणारं किंवा अंगात जोर आणणारं गाणं निवडेल. म्हणूनच त्याच्या यादीत हेवी मेटल आणि अंगाई शेजारी शेजारी असली तर नवल वाटू नये.

६. एका अभ्यासाबद्दल सावधपणे

केंब्रिजमधले डेव्हिड ग्रीनबर्ग आणि सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने २०१५ साली सुमारे ४,००० लोकांच्या आवडी तपासल्या. इतरांच्या भावनांत चटकन शिरणाऱ्यांचा कल मृदू संगीताकडे दिसला, तर नियम आणि रचना शोधणाऱ्यांचा कल जोरकस, तीव्र संगीताकडे. ऑटिस्टिक लोक दुसऱ्या गटाकडे झुकतात असं बॅरन-कोहेन मानतात, म्हणून ‘ऑटिस्टिक म्हणजे रॉकप्रेमी’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळावा. हा अभ्यास सर्वसाधारण लोकांच्या विचारपद्धतीचा होता, निदान झालेल्या व्यक्तींचा नव्हता. आणि गटाचा कल एका माणसाची आवड सांगू शकत नाही.

७. गाण्यातून बोलणं

जपानी कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांचा मुलगा हिकारी १९६३ साली जन्मला. जन्मतःच मेंदूवर शस्त्रक्रिया करावी लागली. तो ऑटिस्टिक आहे. लहानपणी माणसांच्या बोलण्याला तो प्रतिसाद देत नसे, पक्ष्यांच्या आवाजाला देई. घरात पक्ष्यांच्या आवाजांची ध्वनिमुद्रिका होती आणि तीत निवेदक प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगत असे. सहाव्या वर्षी उन्हाळ्यात कुटुंब रानातल्या घरी गेलं असताना तळ्याकडून पाणकोंबडीच्या कुळातल्या एका पक्ष्याची साद आली, आणि हिकारी निवेदकाच्या स्वरात त्याचं नाव बोलला. वडिलांनी १९९४च्या नोबेल व्याख्यानात हा प्रसंग सांगितला आहे. हिकारीचे ते पहिले शब्द होते. तो पुढे संगीतकार झाला. १९९२ साली आलेल्या त्याच्या पहिल्या तबकडीत पियानो आणि बासरीच्या छोट्या, स्वच्छ रचना आहेत.

ऐकलेलं जसंच्या तसं, त्याच सुरात, नंतर केव्हातरी बोलणं याला विलंबित एकोलेलिया म्हणतात. पूर्वी त्याला निरर्थक समजून थांबवायचा प्रयत्न होई. अमेरिकेतले बॅरी प्रिझँट आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की त्यामागे बहुतेकदा हेतू असतो : मागणी, विरोध, नाव सांगणं, स्वतःला सावरणं. आवडीच्या गाण्यांनाही हे लागू पडतं. मूल अमुक ओळ गुणगुणतं तेव्हाच भूक लागलेली असते किंवा बाहेर जायचं असतं, हे पालकांना लक्ष दिल्यावर कळू लागतं. अशा मुलाच्या आवडत्या गाण्यांचा संच हा त्याचा शब्दसंग्रहही असतो. तो तोडताना हे ध्यानात असावं.

८. मग घरी काय करायचं?

‘संगीताने ऑटिझम बरा होतो का?’ हा प्रश्न चिकटून येतोच. ९ देशांतल्या ४ ते ७ वर्षांच्या ३६४ मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाले. उत्स्फूर्त वादन-गायनाची संगीतोपचार सत्रं मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेत लक्षणीय फरक दिसला नाही. मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. इतर मुलांनी गाणं ऐकावं म्हणून आपण त्यांच्यात काही सुधारणा होईल असा पुरावा मागत नाही. ऑटिस्टिक मुलाचा आनंदही औषध म्हणून सिद्ध व्हायला नको. ‘आधी गृहपाठ, मग तुझं गाणं’ ही अटही जपून घालावी. ज्याने मूल स्वतःला सावरतं तेच काढून घेऊन आपण त्याला सावरायला सांगत असतो.

एकच गाणं ऐकणं थांबवायचं का, याचं उत्तर असं : झोप, जेवण, शाळा मोडत नसेल तर नाही. घरातल्यांना त्रास होत असेल तर हेडफोन द्यावा. नवं काही ऐकवायचं असेल तर आधी शोधावं की या गाण्यात त्याला नेमकं काय धरून ठेवतं. एक तुकडा तो पुन्हा पुन्हा मागे नेतो का? तालाचा, वाद्याचा की आवाजाचा? तबल्याचा तुकडा असेल तर तबला असलेलं दुसरं गाणं जुन्याच्या मागे, त्याच आवाजात लावून पाहावं, आणि नको म्हटलं तर बंद करावं. शाळेत गाणं वेगळ्या पट्टीत होणार असेल तर तालमीचं ध्वनिमुद्रण आठवडाभर आधी मागून घ्यावं. मग तेही ओळखीचं होतं.

हेडफोनबद्दल दोन गोष्टी. आवाज अडवणारे कानपट्टे वेगळे आणि गाण्याचे हेडफोन वेगळे. गोंगाट झाकण्यासाठी गाण्याचा आवाज वाढवत नेला तर कानाला इजा होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मानकानुसार मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल आणि मोठ्यांसाठी ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा आहे. बहुतेक फोनमध्ये कमाल आवाजावर बंधन घालता येतं. ते मुलाला सांगून, त्याच्यासमोर घालावं. न सांगता घातलं, तर त्याच्या कानाला ते पहिल्याच स्वरात कळेल.